पाहुणा, मजूर की शेजारी? तैवानी समाज परदेशी माणसाकडे कसा पाहतो

तैवान हे नाव आपल्या चळवळीतल्या घरांना अगदीच परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या कितीतरी प्रती तैपेई येथील बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन या संस्थेने छापून विनामूल्य वाटल्या आहेत. अलीकडे मात्र हे नाव वेगळ्या कारणांनी कानावर येते : चिप बनवणारे कारखाने, विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या, चिनी भाषेचे वर्ग आणि आता कामगारांची भरती. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी भारत आणि तैवान यांच्यात कामगार पाठवण्याबाबत सामंजस्य करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तैवानचे प्रतिनिधी कार्यालय मुंबईत सुरू झाले. दिल्ली आणि चेन्नईनंतरचे हे तिसरे.

तिकडे जाऊ पाहणारे तरुण साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. पगार किती मिळेल आणि भाषेचे कसे होईल? तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारते : तिथली माणसे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? एखाद्याने विचारलाच, तर त्यात एक गृहीत दडलेले असते, की तैवान बौद्ध देश आहे, म्हणजे तिथे भेदभाव नसणार.

हे गृहीत दोन ठिकाणी चुकते. तैवानमध्ये बौद्ध धम्म, ताओ परंपरा आणि लोकदैवते यांची सरमिसळ आहे, त्यामुळे आपल्या अर्थाने त्याला 'बौद्ध देश' म्हणता येत नाही. दुसरे म्हणजे, धर्म कोणताही असला तरी समाज परक्या माणसाला कुठल्या ना कुठल्या खणात बसवतोच. तैवानी माणसांचा प्रेमळपणा खरा आहे. तिथे राहून आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्याबद्दल बोलतो. पण तो सर्व परदेशी माणसांच्या वाट्याला सारखा येत नाही. पासपोर्ट कोणता, कातडीचा रंग कोणता आणि काम कोणते, यावर कुणी पाहुणा ठरतो, कुणी मजूर ठरतो, तर कुणी घरची सून होऊनही परकी राहते. ही उतरंड कशी तयार झाली, ती कशी चालते आणि ती मोडण्याचे काम कुणी केले, हे या लेखात पाहू.

आधी 'बाहेरचा' कोण होता?

तैवान महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढे बेट आहे. लोकसंख्या सुमारे २ कोटी ३४ लाख. इथले मूळ रहिवासी म्हणजे ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे आदिवासी. सरकारने त्यांच्या १६ जमातींना मान्यता दिली असून लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. सतराव्या शतकापासून चीनच्या फूच्येन आणि ग्वांगतोंग भागांतून होक्लो आणि हक्का लोक येत गेले आणि बहुसंख्य झाले. १८९५ ते १९४५ ही ५० वर्षे बेट जपानच्या ताब्यात होते. चीनमधील यादवी युद्धात पराभूत झाल्यावर १९४९ मध्ये क्वोमिन्तांग पक्षाचे सरकार तैवानात आले आणि त्याच्यासोबत सैनिक, अधिकारी व त्यांची कुटुंबे धरून दहा लाखांहून अधिक लोक आले.

आधीपासूनचे लोक स्वतःला 'बेनशंगरेन', म्हणजे या प्रांताचे, म्हणू लागले आणि नवे आलेले 'वाईशंगरेन', म्हणजे बाहेरच्या प्रांताचे, ठरले. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी सुरू झालेला उठाव आणि त्यानंतरचे हत्याकांड, पुढे १९८७ पर्यंत चाललेला लष्करी कायदा, यामुळे ही दरी कित्येक वर्षे भरली नाही. दोन्ही बाजूंचे लोक चिनी वंशाचेच होते. तरीही भाषा, नोकऱ्या आणि सत्ता यांवरून ते एकमेकांना परके मानत होते. आदिवासी तर आपल्याच भूमीत सर्वांत खाली ढकलले गेले होते. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी शेकडो वर्षांच्या अन्यायाबद्दल आदिवासींची सरकारतर्फे जाहीर माफी मागितली.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण असे, की परदेशी कामगार येण्याच्या आधीच 'वाई' म्हणजे 'बाहेरचा' हा शब्द तैवानच्या सामाजिक व्यवहारात रुजलेला होता. पुढे तोच शब्द नव्या माणसांना चिकटला.

शब्दांमधली उतरंड

परदेशी व्यक्तीसाठी चिनी भाषेतला सर्वसाधारण शब्द 'वाईग्वोरेन', म्हणजे बाहेरच्या देशाचा माणूस. शब्दशः तो सर्वांना लागू पडतो. पण रोजच्या बोलण्यात तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा गोरा माणूस येतो. गोऱ्यांसाठी तैवानी होक्लो बोलीत आणखी एक शब्द आहे, 'आ-तोक-आ'. अर्थ साधारण 'नाकेला', म्हणजे उंच नाकाचा. त्यात थट्टा आहे, पण बहुतेक वेळा द्वेष नसतो.

इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, थायलंड येथून आलेल्या कामगारांसाठी शब्द होता 'वाईलाओ'. 'परदेशी मजूर' या अर्थाच्या लांब शब्दाचे हे आखूड रूप. याच देशांतून लग्न करून आलेल्या स्त्रियांना 'वाईजी शिन्न्यांग', म्हणजे 'परदेशी नवरी', म्हणत. लग्नाला पंधरा वर्षे झाली, मुले शाळेत जाऊ लागली, तरी ती 'नवरी'च.

अमेरिकन अभियंताही परदेशी आहे आणि तोही मजुरीच करतो, फक्त ती मोठ्या पगाराची असते. पण त्याला कुणी 'वाईलाओ' म्हणत नाही. कोण कोणत्या शब्दात बसणार, हे त्याच्या परदेशीपणावरून ठरत नाही, समाजाने त्याच्या देशाची आणि कामाची जी किंमत केली आहे तिच्यावरून ठरते. सामाजिक संघटनांनी या शब्दांना सतत विरोध केला. आज सरकारी कागदांवर आणि बऱ्याचशा माध्यमांत 'यीगोंग', म्हणजे स्थलांतरित कामगार, आणि 'शिन्जूमिन', म्हणजे नवे रहिवासी, हे शब्द वापरले जातात. बोलण्यातून जुने शब्द मात्र अजून पुरते गेलेले नाहीत.

वरची पायरी : पाहुणा

पश्चिमेकडील गोरे आणि जपानी लोक या उतरंडीत वर आहेत. अमेरिकेशी असलेले लष्करी आणि आर्थिक नाते, इंग्रजीची प्रतिष्ठा आणि जपानी राजवटीच्या संमिश्र आठवणी यांतून हे स्थान तयार झाले. गोऱ्या माणसाने चिनीत 'नी हाव' एवढे म्हटले तरी त्याच्या भाषेचे कौतुक होते. रस्ता चुकला तर लोक सोबत चालत जाऊन ठिकाण दाखवतात. अशा आपुलकीला तिथे 'रेन्छिंगवेई' म्हणतात. शब्दात 'वेई' आहे, म्हणजे चव. माणुसकीची चव असे त्याचे भाषांतर करता येईल. तैवानी लोकांना आपल्या समाजाच्या या गुणाचा अभिमान आहे.

या आपुलकीलाही एक कुंपण असते. आदबशीरपणासाठी चिनी भाषेतला शब्द आहे 'खछी', आणि त्यातले पहिले अक्षर 'पाहुणा' या अर्थाचे आहे. पाहुण्याची सरबराई करतात, पण घरातल्या निर्णयात त्याला बसवत नाहीत. वीस वर्षे तैवानात राहून अस्खलित चिनी बोलणाऱ्या युरोपियन माणसालाही 'तुम्ही कुठले? परत कधी जाणार?' हे प्रश्न नव्याने ऐकावे लागतात.

वरच्या पायरीवरही रंग आड येतो. खासगी शिकवणी वर्गांत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळवायची तर इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशाचा पासपोर्ट लागतो. तो हातात असलेल्या कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाच्या शिक्षकांनीही आपल्याला डावलून गोऱ्या उमेदवाराला घेतल्याचे अनुभव वारंवार मांडले आहेत. पालकांना 'परदेशी शिक्षक' हवा असतो आणि परदेशी म्हणजे गोरा, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के असते. भारतीय तरुणाने उत्तम इंग्रजीच्या भरवशावर तिकडे शिक्षक होण्याची स्वप्ने पाहण्याआधी हे लक्षात घ्यावे.

खालची पायरी : मजूर

१९८९ मध्ये सरकारी बांधकाम प्रकल्पांसाठी परदेशी कामगार आणण्यास सुरुवात झाली आणि १९९२ च्या रोजगार सेवा कायद्याने या पद्धतीला चौकट मिळाली. आज तैवानात ८ लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार आहेत, म्हणजे तिथल्या एकूण आदिवासींपेक्षाही जास्त. ते कारखान्यांत, बांधकामांवर आणि मासेमारी बोटींवर राबतात. दोन लाखांहून अधिक जणी घरांमध्ये राहून वृद्धांची आणि आजाऱ्यांची सेवा करतात. तैवानचा जन्मदर जगातल्या सर्वांत कमी जन्मदरांपैकी एक आहे आणि समाज झपाट्याने म्हातारा होतो आहे. बागेत चाकाच्या खुर्चीत बसलेले आजोबा आणि त्यांच्यामागे हिजाब घातलेली इंडोनेशियन मुलगी, हे तैवानच्या कुठल्याही शहरातले नेहमीचे दृश्य आहे.

ही मुलगी त्या घरातल्या माणसांना किती दिसते? तैवान राष्ट्रीय विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ लान पेई-च्या यांनी तैवानी मालकिणी आणि परदेशी घरकामगार यांच्या नात्यावर 'ग्लोबल सिंडरेलाज' हे पुस्तक लिहिले. ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दलाल आणि मालक देशांनुसार स्त्रियांचे साचे कसे बनवतात, हे त्यांनी दाखवले आहे. फिलिपिनो स्त्री शिकलेली, इंग्रजी बोलणारी, पण हक्क मागणारी आणि म्हणून 'अवघड'. इंडोनेशियन स्त्री साधी, आज्ञाधारक आणि म्हणून म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी 'योग्य'. अशी लेबले लावून माणसे बाजारात मांडली जातात आणि मग ती लेबलेच त्या देशांचा स्वभाव म्हणून समाजात फिरू लागतात. मालक 'ती आमच्या घरातलीच आहे' असे प्रेमाने म्हणतात. मात्र घरातली म्हटले की कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी यांचा हिशेब मागण्याची सोय उरत नाही. आपल्याकडील घरकामगार स्त्रियांबरोबर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

नजरेतला हा फरक कायद्यातही उतरलेला आहे. घरात राहून काम करणाऱ्या परदेशी सेविकांना तैवानचा कामगार मानक कायदा लागू नाही. २०२५ मध्ये तिथले मासिक किमान वेतन २८,५९० तैवानी डॉलर होते. घरगुती सेविकांसाठीचे वेतन २०,००० होते आणि तेही २०२२ मध्ये १७,००० वरून वाढवलेले. दलाल संस्था दरमहा सेवाशुल्क घेतात : पहिल्या वर्षी १,८००, दुसऱ्या वर्षी १,७०० आणि तिसऱ्या वर्षी १,५०० तैवानी डॉलर. मायदेशातल्या दलालाला दिलेले पैसे वेगळे. कामगाराला मनाप्रमाणे मालक बदलता येत नाही. कर्ज आणि छळ यांना कंटाळून जे काम सोडून निघून जातात, ते बेकायदा ठरतात. अशांची संख्या ८० हजारांच्या पुढे गेली आहे. त्यांना पूर्वी सरसकट 'पळालेले मजूर' म्हणत. पळाले का, हा प्रश्न बातमीत नसे. खोल समुद्रातल्या बोटींवरची अवस्था त्याहून कठीण. २०२० मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने तैवानी बोटींनी पकडलेल्या माशांचा समावेश सक्तीच्या मजुरीतून तयार होणाऱ्या मालाच्या यादीत केला.

दिसले की खटकतात

स्थलांतरित कामगार कामाच्या जागी असतो तोवर त्याचा कुणाला त्रास वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी तो सार्वजनिक जागेत दिसला की प्रश्न निर्माण होतो. तैपेईच्या मुख्य रेल्वे स्थानकातील काळ्यापांढऱ्या फरशीच्या प्रशस्त दालनात रविवारी इंडोनेशियन कामगार घोळक्याने जमिनीवर बसतात, डबे उघडतात, गप्पा मारतात. ईदच्या वेळी तर दालन भरून जाते. २०१२ मध्ये तिथे दोऱ्या बांधून त्यांना अडवण्यात आले, तेव्हा वाद पेटला. २०२० मध्ये साथीचे कारण देऊन बसण्यावर बंदी आली आणि ती कायमची करण्याचा विचार रेल्वे प्रशासनाने बोलून दाखवला. त्यावर मे महिन्यात तैवानी नागरिक आणि कामगार त्याच फरशीवर बसून निषेध नोंदवू लागले. शेवटी प्रशासनाला माघार घ्यावी लागली.

जून २०२१ मध्ये म्याओली जिल्ह्यातील इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत कोरोनाचे रुग्ण आढळले. जिल्हा प्रशासनाने आदेश काढला, की स्थलांतरित कामगारांनी कामावर जाण्याखेरीज वसतिगृहाबाहेर पडू नये. त्याच कारखान्यातल्या तैवानी कामगारांना ही बंदी नव्हती. विषाणू पासपोर्ट पाहून लागत नाही, हे उघड असूनही आदेश काही आठवडे टिकला. संकटाच्या काळात समाज कुणाला 'आपला' मानतो आणि कुणाला 'धोका' मानतो, हे त्यावरून दिसते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी शिंचू परिसरात एका तरुण व्हिएतनामी कामगारावर पोलिसाने नऊ गोळ्या झाडल्या. तो मरण पावला. 'पळालेला मजूर' एवढीच त्याची ओळख सुरुवातीच्या बातम्यांत होती. त्याच्या मृत्यूवरील त्साई त्सुंग-लुंग यांच्या माहितीपटाला २०२२ मध्ये गोल्डन हॉर्स हा तिथला प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या समाजात तो मारला गेला, त्याच समाजातल्या एका दिग्दर्शकाने त्याला पुन्हा माणूस म्हणून उभे केले. तैवानचे चित्र रंगवताना या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

सून, पण बाहेरची

तैवानात लग्नामुळे स्थायिक झालेल्या 'नव्या रहिवाशां'ची संख्या सुमारे ६ लाख आहे. त्यांत सर्वाधिक चीनमधल्या आणि त्याखालोखाल व्हिएतनामच्या स्त्रिया आहेत. १९९० च्या दशकात दलालांमार्फत ही लग्ने मोठ्या प्रमाणावर होऊ लागली, तेव्हा 'पैशासाठी आलेल्या', 'विकत आणलेल्या' असे बोलले जाई. जुलै २००४ मध्ये तर शिक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी परदेशी आणि चिनी नवऱ्यांनी फार मुले होऊ देऊ नयेत, असे वक्तव्य केले. त्यावर मोठा गदारोळ झाला. या मातांची मुले अभ्यासात मागे पडतात, देशाची गुणवत्ता घसरते, अशी भीती त्यामागे होती. 'त्यांची मुले' आणि 'गुणवत्ता' हे दोन शब्द एकत्र आले की त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

चीनमधून आलेल्या स्त्रियांची अडचण वेगळी आहे. भाषा एक, चेहरा एक, आणि कायद्याने त्या 'परदेशी' या गटातही मोडत नाहीत. पण चीन तैवानवर हक्क सांगतो, म्हणून त्यांच्या निष्ठेवर शंका घेतली जाते. इतर देशांतल्या स्त्रियांना साधारण चार वर्षांत नागरिकत्वाचे ओळखपत्र मिळू शकते, त्यांना किमान सहा वर्षे थांबावे लागते. परकेपणा केवळ रंगावरून ठरत नाही, राजकारणावरूनही ठरतो.

नागरिकत्वाचा कायदाही सर्वांना एका मापाने मोजत नाही. तैवानचा नागरिक व्हायचे तर आधीचे नागरिकत्व सोडावे लागते. २०१६ च्या दुरुस्तीने उच्च दर्जाचे व्यावसायिक आणि विशेष योगदान देणारे परदेशी यांना ही अट माफ झाली. जन्मभर सेवा केलेल्या पाश्चात्त्य धर्मगुरूंना त्याचा लाभ मिळाला आणि तो योग्यच होता. पण तैवानी कुटुंबात मुले वाढवणाऱ्या, सासूसासऱ्यांची सेवा करणाऱ्या व्हिएतनामी सुनेचे योगदान 'विशेष' या शब्दात बसले नाही.

भारतीय माणूस कुठे बसतो?

तैवानातले भारतीय संख्येने थोडे, काही हजारांच्या घरात आहेत. त्यांत बहुतेक विद्यार्थी, संशोधक आणि अभियंते. म्हणून बराच काळ भारतीयाची प्रतिमा संमिश्र होती : गणितात आणि संगणकात हुशार, करी खाणारा, योग करणारा, पण अस्वच्छ आणि स्त्रियांसाठी असुरक्षित देशातून आलेला. प्रत्यक्ष ओळख कमी आणि बातम्यांतून आलेली माहिती जास्त, अशी ही स्थिती होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एक लाखापर्यंत भारतीय कामगार तैवानात येणार असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सरकारने तो आकडा फेटाळला, तोवर समाजमाध्यमांवर भारतीयांविरुद्ध लाट उसळली होती. भारतीय आले की बलात्कार वाढतील, हा त्यातला मुख्य सूर. मोर्चाची हाकही दिली गेली. कालपर्यंत जो भारतीय 'संगणक अभियंता' होता, तो 'मजूर' म्हणून येणार असे कळताच 'धोका' झाला. माणसे तीच, बदलली ती फक्त पायरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये करार झाला. त्यानंतर काही दिवसांनी तैवानच्या तत्कालीन कामगारमंत्री श्यू मिंग-छुन एका मुलाखतीत म्हणाल्या, की सुरुवात ईशान्य भारतातील कामगारांपासून होऊ शकते, कारण त्यांचा वर्ण आणि आहार आपल्याशी जुळतो आणि त्यांच्यात ख्रिस्ती बरेच आहेत. टीका झाली आणि मार्चच्या सुरुवातीला तैवान सरकारने दिलगिरी व्यक्त केली.

या प्रसंगाकडे भारतीयांनी जरा थांबून पाहायला हवे. ईशान्येकडील ज्या चेहऱ्यामुळे तरुणांना दिल्लीत, पुण्यात, बंगळुरूत घर नाकारले जाते, शिव्या ऐकाव्या लागतात, ज्या छळाची चौकशी करण्यासाठी २०१४ मध्ये केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली, तोच चेहरा तैवानात पसंतीचे कारण ठरत होता. तिरस्कार असो वा पसंती, दोन्हीकडे पाहिला गेला तो चेहराच. कौशल्य, गरज आणि हक्क यांची चर्चा मागे राहिली.

बदल कुणी घडवला?

तैवानचा समाज एका पिढीत बराच बदलला, हेही तितकेच खरे आहे. तो आपोआप बदलला नाही. १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ श्या श्याओ-च्युआन यांनी काओश्युंगच्या मेईनोंग या हक्का गावात परदेशी सुनांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला. भाषा शिकता शिकता त्या स्त्रिया नाटकातून, चर्चेतून आपले अनुभव मांडू लागल्या. त्यातूनच २००३ मध्ये 'ट्रान्सएशिया सिस्टर्स असोसिएशन' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी अवेकनिंग फाउंडेशन या स्त्रीवादी संस्थेने 'परदेशी नवरी' या शब्दाला पर्याय सुचवण्याची स्पर्धा घेतली. 'आम्हाला काय म्हणायचे ते आम्ही ठरवू', ही त्यामागची भूमिका.

कामगारांच्या बाजूने १९९९ पासून तैवान इंटरनॅशनल वर्कर्स असोसिएशन काम करते आहे. २००३ पासून दर दोन वर्षांनी स्थलांतरितांचा मोर्चा निघू लागला. ऑगस्ट २००५ मध्ये काओश्युंग मेट्रोच्या बांधकामावरील थाई कामगारांनी वसतिगृहातील जाचाविरुद्ध उठाव केला. त्याची किंमत म्हणून सरकारातील कामगारविषयक प्रमुखांना पद सोडावे लागले. २०१३ मध्ये यीलान येथे परदेशी मच्छीमारांची युनियन स्थापन झाली. दर तीन वर्षांनी देश सोडून पुन्हा दलालाला पैसे देऊन येण्याची सक्ती २०१६ मध्ये रद्द झाली, ती अशाच लढ्यांमुळे.

संस्कृतीच्या क्षेत्रातही काम झाले. २००६ मध्ये चांग चंग यांच्या पुढाकाराने कामगारांच्या स्वतःच्या भाषेतले 'फोर वे व्हॉइस' हे नियतकालिक निघाले. २०१४ पासून स्थलांतरितांच्या लेखनासाठी साहित्य पुरस्कार सुरू झाला. २०१६ मध्ये कंबोडियात जन्मलेल्या लिन ली-छान संसदेत निवडून गेल्या. नव्या रहिवाशांमधून आलेल्या त्या पहिल्या खासदार. २०१९ पासून प्राथमिक शाळांत व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई यांसह सात आग्नेय आशियाई भाषा निवडता येऊ लागल्या. आईची भाषा लपवणाऱ्या मुलांच्या पाठोपाठ ती शाळेत शिकणारी मुले आली. २०२४ मध्ये नव्या रहिवाशांच्या हक्कांसाठी स्वतंत्र मूलभूत कायदा संमत झाला.

घरगुती सेविका अजून कामगार कायद्याबाहेर आहेत आणि दलालांची पद्धत कायम आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या गटाने संघटना उभी केली, भाषा मिळवली आणि मतदानाच्या हक्कापर्यंत मजल मारली, त्या गटाकडे पाहण्याची नजर लवकर बदलली. सुनांना मत आहे, कामगारांना नाही. दोघींच्या स्थितीतला फरक बऱ्याच अंशी तिथून येतो.

आपण यातून काय घ्यायचे?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिच्यात प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडते, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. तैवानातली उतरंड म्हणजे जात नव्हे. तिला धर्मग्रंथाचा आधार नाही आणि पुढच्या पिढीला तिच्यातून बाहेर पडता येते. पण ती चालते साधारण त्याच युक्तीने. १९८९ नंतर बांधकामांवरचे काम गेल्याची तक्रार तिथल्या आदिवासी मजुरांनी केली, तेव्हा राग स्वस्त मजूर आणणाऱ्या धोरणाइतकाच परदेशी मजुरावरही निघाला. भारतीयांविरुद्ध लाट आली तेव्हा 'आम्ही उच्चशिक्षित आहोत, मजूर नाही' असे उत्तर देण्याचा मोह शिकलेल्या भारतीयाला होणे सोपे आहे. हे उत्तर देणारा एक पायरी वर चढू पाहतो आणि उतरंड तशीच ठेवतो. आंबेडकरी विचाराच्या तरुणाने तरी हा मार्ग धरू नये.

जे प्रत्यक्ष जाणार आहेत, त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. भरती करणारी संस्था भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेली आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. करार समजणाऱ्या भाषेत वाचल्याशिवाय सही करू नका. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नका. तैवानात कामगारांसाठी १९५५ हा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक आहे. त्यावर चिनीखेरीज इंग्रजीतही बोलता येते. जाण्याआधी चिनी भाषा शिकायला लागा. मेईनोंगच्या स्त्रियांची सुरुवातही भाषेपासूनच झाली होती. आणि तिथे पोहोचल्यावर फक्त भारतीयांच्या गटात न राहता इंडोनेशियन, व्हिएतनामी, फिलिपिनो कामगारांशी आणि त्यांच्या संघटनांशी ओळख करून घ्या.

जे जाणार नाहीत, त्यांनाही करण्यासारखे बरेच आहे. सोसायटीच्या फाटकावरच्या नेपाळी माणसाला नाव न विचारता 'बहादूर' म्हणणारे, मणिपूरच्या मुलीला 'चिनी' म्हणणारे आणि बिहारी मजुरांमुळे गुन्हे वाढतात असे बिनधास्त बोलणारे लोक आपल्या वस्तीत, आपल्या कार्यक्रमांतही असतात. तैवानी माणसाच्या 'वाईलाओ' या शब्दात आणि आपल्या या शब्दांत फारसे अंतर नाही. आपापल्या गावातल्या परप्रांतीय आणि परदेशी कामगारांची नावे, भाषा आणि अडचणी समजून घेणे, त्यांना विहारातल्या अभ्यासवर्गाला बोलावणे, त्यांची मजुरी थकली तर सोबत कामगार कार्यालयात जाणे, एवढे तरी आपल्या युवक मंडळांना या वर्षी सहज हाती घेता येईल.